पिक लाइन लावून सासूबाई घरी येणार आहेत, काय सांभाळायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला केमो चालू आहे, सासूबाईंच्या दंडात पिक लाइन (औषधं देण्यासाठी शिरेत घालून ठेवलेली लांब, बारीक नळी) घातली आहे आणि पुढचा डोस तीन आठवड्यांनी आहे. तोवर देवासला घरी लाइन कशी सांभाळायची, आणि दर आठवड्याचं ड्रेसिंग घराजवळच्या दवाखान्यात करून घेतलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. ज्या सिस्टरला पिक लाइनची रोजची सवय आहे, तिच्याकडूनच ड्रेसिंग करून घ्या. तशी कुणी देवासात नसेल तर आठवड्यातून एकदा इंदूरची फेरी मारा. या नळीचं आतलं टोक हृदयाच्या अगदी वर, मोठ्या शिरेत असतं. बाहेरच्या तोंडातून जंतू शिरला की तो थेट रक्तात जातो. त्यातून केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, म्हणून एरवी कातडीवर निमूट राहणारे जंतूही ताप आणतात. नळीच्या आत त्यांचा बुळबुळीत थर बसला की अँटिबायोटिक तिथे नीट पोचत नाही, आणि बऱ्याचदा लाइनच काढावी लागते.

नवीन लाइनमध्ये जंतू बहुधा कातडीवरून, नळीच्या बाहेरच्या बाजूने आत जातात. आठ-दहा दिवस उलटले की धोका जास्त करून बाहेरच्या टोकाच्या कॅपमधून असतो. म्हणून सिरिंज जोडण्याआधी ती कॅप स्पिरिटच्या स्वॅबने पंधरा सेकंद घासायलाच हवी, वरचा सपाट भाग आणि कडेच्या आट्या दोन्ही. नुसतं टेकवून पुसलेलं चालत नाही. मग ती आपोआप वाळू द्यायची. फुंकर नको, हाताने वारा घालणंही नको. वाळलेल्या कॅपला कशाचा स्पर्श झाला, अगदी चादरीचा, तरी पुन्हा नवा स्वॅब. सिस्टर घाईत असतील तर तुम्ही म्हणा, ‘सिस्टर, कॅप एकदा घासून घ्या ना.’ यात संकोच नको, चांगल्या सिस्टरला याचा राग येत नाही.

दुसरी नजर सलाइनच्या बाटलीवर ठेवा. शंभर मिलीच्या बाटलीच्या बुचात सुई खुपसून ठेवायची आणि दिवसभर त्याच सुईतून फ्लशसाठी, म्हणजे नळी आतून धुण्यासाठी, सलाइन ओढायचं, ही पद्धत दिसली तर तिथे लाइनला हात लावू देऊ नका. साध्या सलाइनमध्ये जंतू रोखणारं काही नसतं आणि खुपशीच राहिलेली सुई म्हणजे त्यांना उघडं दार. दर वेळी दहा मिलीची नवी ॲम्पूल फोडायची आणि उरलेलं फेकायचं. तुम्हीच पाच-सहा ॲम्पूल, दहा मिलीच्या सिरिंज आणि स्वॅब पिशवीत घेऊन गेलात तर प्रश्नच मिटतो.

सिरिंज दहा मिलीचीच हवी. दोन किंवा पाच मिलीची बारीक असल्यामुळे तेवढ्याच जोरात जास्त दाब देते आणि नळी फुटू शकते. फ्लश एकेक मिली, थांबत थांबत द्यायचा, म्हणजे आतली भिंत धुतली जाते. जात नसेल तर आधी क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) उघडा आहे का ते बघा, मग हात सरळ करून बघा. तरीही अडलं तर जोर न लावता रुग्णालयात जा. शेवटी क्लॅम्प आधी लावायचा की सिरिंज आधी काढायची, हे कॅपच्या प्रकारावर ठरतं. लाइन घातली तिथून ते लिहून घ्या.

पारदर्शक ड्रेसिंग सात दिवस चालतं, खाली गॉज असेल तर दोनच दिवस. कड सुटली, आत पाणी गेलं, घामाने फुगलं तर त्याच दिवशी बदलायचं. मे महिन्यात आपल्याकडे हे हमखास होतं. ड्रेसिंग खालून वर, खांद्याच्या दिशेने सोलायचं, म्हणजे नळी ओढली जात नाही. बदलताना सिस्टर आणि सासूबाई दोघींना मास्क, सासूबाईंचं तोंड पलीकडे. क्लोरहेक्सिडीन-स्पिरिटने तीस सेकंद घासून पूर्ण वाळू द्यायचं. त्याच वेळी कॅपही बदलून घ्या. पावडर, मलम, हळद काही नको. कात्री जवळ आणायची नाही.

बाहेर किती सेंटिमीटर नळी दिसते ते पहिल्या दिवशी मोजून कागदावर लिहा. लांबी वाढली तर आत ढकलू नका, टेप लावून दाखवायला न्या. त्या हातावर बीपीचा पट्टा नको. आंघोळीला दंडावर प्लॅस्टिक गुंडाळून हात बादलीपासून लांब धरायचा. रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्याची गेर (रंगांची मिरवणूक) या वर्षी टीव्हीवरच बघू द्या.

रोज सकाळी ड्रेसिंगमधून बघा: लाली, पू, दुखणं. दंड दुसऱ्यापेक्षा जाड वाटला तर शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. तेल लावून चोळू नका, त्याच दिवशी दाखवा.

ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, किंवा फ्लशनंतर तासाभरात हुडहुडी भरली, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच निघा. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) लाइनमधून आणि दुसऱ्या हातातून, असं दोन ठिकाणांहून घेतलं जाईल ना, हे विचारा. लाइनमधलं दुसऱ्या हातातल्यापेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह आलं तर दोष लाइनचा असण्याची शक्यता जास्त.

नळीला चीर पडली तर चिरेच्या वर, शरीराच्या बाजूला, ती दुमडून घट्ट धरा आणि तशीच धरून रुग्णालयात न्या. हवा आत जाता कामा नये.

प्रत्येक डोसच्या वेळी डॉक्टरांना विचारा की लाइन अजून लागणार आहे का. केमो संपल्यावर ‘राहू दे, असू दे’ म्हणून ठेवायची नाही. काढताना सासूबाई आडव्या असाव्यात. जागा निदान पाच मिनिटं दाबून धरायची, वर हवाबंद ड्रेसिंग चोवीस तास, आणि निघालेली नळी घातलेल्या लांबीइतकी भरते का ते तुमच्यासमोर मोजायला सांगा.