व्हायरस दिल्यावरही आयआरएफ-३ प्रोटीनचा बँड जसाच्या तसा, अँटीबॉडी खराब आहे का?

अँटीबॉडीला लगेच दोष देऊ नका. तुम्ही लिहिलंय की ए५४९ पेशींना (माणसाच्या फुप्फुसाच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या) सेंडाई व्हायरस दिला, २४ तासांनी वेस्टर्न ब्लॉट (जेलवर वजनाने वेगळी केलेली प्रोटीन्स अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) केलं आणि बँड कंट्रोलएवढाच आला. अहो, तो वाढणारच नव्हता. आयआरएफ-३ पेशीत आधीपासून तयारच असतं, सायटोप्लाझममध्ये नुसतं पडून. व्हायरसच्या आरएनएची चाहूल लागली की टीबीके-१ हे कायनेज (फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) त्याच्या सी-टोकाकडच्या, म्हणजे शेवटाकडच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतं, मग दोघादोघांच्या जोड्या होतात आणि त्या न्यूक्लिअसमध्ये जाऊन इंटरफेरॉन बीटा या व्हायरसविरोधी प्रोटीनचं जीन चालू करतात. म्हणजे प्रमाण वाढत नाही, अवस्था बदलते, आणि टोटल अँटीबॉडीला (फॉस्फेट असो-नसो, सगळं आयआरएफ-३ पकडणारी) वेस्टर्नमध्ये ते बँडच्या जाडीवरून कळत नाही, फार तर बँड किंचित वर सरकलेला दिसतो.

तुम्हाला हवीय फॉस्फो अँटीबॉडी, म्हणजे फॉस्फेट चढलेलंच प्रोटीन पकडणारी, सेरीन ३९६ किंवा ३८६ ची. (उंदराच्या पेशी असतील तर ३९६ च्या जागी सेरीन ३८८ असतं, त्यामुळे मागवायच्या आधी ती उंदरावर चालते का ते डेटाशीटमध्ये बघाच.)

पण नुसती अँटीबॉडी बदलून भागणार नाही, वेळ पण बदला. मी स्वतः सुरुवातीला महिनाभर २४ तासांचेच नमुने चालवत बसले होते, फॉस्फो लावलं तरी काही नाही, आणि मनातल्या मनात कंपनीला शिव्या. तोवर सिग्नल येऊन गेलेला असतो, शिवाय अ‍ॅक्टिव्ह झालेलं आयआरएफ-३ पेशी नंतर प्रोटिअसोममध्ये (पेशीतलं प्रोटीन तोडणारं यंत्र) मोडून टाकते, म्हणून उशिरा टोटलचा बँड उलट फिका पण दिसू शकतो. आता मी ४, ६, ८ आणि १२ तास घेते आणि लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायचं द्रावण) सोडियम फ्लोराइड, ऑर्थोव्हॅनाडेट ही फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमना रोखणारी रसायनं घातल्याशिवाय पेशींना हातच लावत नाही, नाहीतर फॉस्फेट ट्यूबमध्येच उतरतं.

टोटलवाली फेकू नका हां. फॉस्फोच्या शेजारी ती लागतेच, आणि इम्युनोफ्लुरोसन्सला (पेशीतलं प्रोटीन चमकत्या रंगाने मायक्रोस्कोपखाली बघणं) चालत असेल तर तिथे ती खरी कामाची, कारण प्रोटीन न्यूक्लिअसमध्ये गेलं की नाही ते डोळ्यांनी दिसतं. वेस्टर्नला छान चालणारी तिथे चालेलच असं नाही पण, वेस्टर्नमध्ये एसडीएस या डिटर्जंटने उलगडलेलं प्रोटीन वेगळं आणि फिक्स केलेल्या पेशीतलं वेगळं.

आणि तो बँड आयआरएफ-३ चाच आहे हे कशावरून? ४२७ अमिनो आम्लं, हिशोबाने ४७ किलोडाल्टन, जेलवर मात्र ५० ते ५५ च्या आसपास दिसतं, त्यामुळे वजनावरून खात्री होत नाही. नॉकआउट पेशींचा (ज्यांच्यातून आयआरएफ-३ चं जीनच काढून टाकलंय) लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा रस, एका लेनमध्ये चालवा, तिथेही बँड आला तर मग खुशाल अँटीबॉडीला दोष द्या.

ब्लॉकिंग (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून मेम्ब्रेन आधी प्रोटीनने झाकणं) दुधात करताय का? फॉस्फोसाठी मी ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरते, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन असल्याने बॅकग्राउंड वाढू शकतं.