सॉना घ्या, पण चौदा वर्षांच्या टॉप-अपवर नको

ताई, मिस्टरांसाठी घरात सॉना (लाकडी खोलीत गरम हवेत बसून घाम काढायचा तो) बसवायचा, पण पैसे कुठून उभे करायचे, हा तुमचा मेल दोनदा वाचला. पहिल्यांदा हसू आलं, कारण पुण्यात एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या खोलीत दुपारी नुसतं बसलं तरी सॉना फुकटात मिळतो, त्यासाठी चार लाख कशाला. पण मिस्टर दोन वर्षं जर्मनीत राहून आलेत, तिथे सवय लागली, पाठीला बरं वाटतं म्हणतात, तर हौस खरी आहे आणि हौसेला मी नाही म्हणत नाही. हौस कोणाच्या पैशाने आणि किती वर्षं फेडायची, माझा प्रश्न तेवढाच.

इतरांना कळावं म्हणून तुमचा हिशोब थोडक्यात. दोघांचा मिळून हातात पगार 1,65,000, होम लोनचा हप्ता 48,000 (अजून चौदा वर्षं), गाडीचा 14,500 (नऊ महिन्यांत संपतोय), एसआयपी 25,000, पाच लाखांची एफडी अडीअडचणीला ठेवलेली, मुलगी दहावीत. सॉनाचं कोटेशन 3,60,000 आणि वायरिंग, फरशी वगैरे धरून चार लाख. तुम्ही तीन पर्याय लिहिलेत, कार्डावर नो-कॉस्ट ईएमआय, होम लोनवर टॉप-अप (चालू लोनलाच जोडून वाढीव कर्ज), नाहीतर सोनं ठेवून लोन, आणि मिस्टर म्हणतात टॉप-अप सगळ्यात स्वस्त.

तर टॉप-अपपासूनच सुरू करतो, कारण फसगत तिथेच आहे. व्याजदर खरंच कमी आहे, तुम्हाला 9 टक्के सांगितलाय. पण बँकवाला टॉप-अप मूळ लोनच्या उरलेल्या मुदतीला जोडून देतो, म्हणजे चौदा वर्षं, आणि मग हप्ता येतो जेमतेम 4,200. ऐकायला किती गोड, महिन्याला चार हजारात घरात सॉना! पण गुणाकार करा. चौदा वर्षांत चार लाखांवर साधारण 3 लाख 5 हजार व्याज जातं, म्हणजे सॉनाची लाकडं कुजून गेली, हीटर दोनदा बदलून झाला तरी तुम्ही हप्ते भरताय. उलट 13 टक्क्यांचं पर्सनल लोन, जे सगळे महाग महाग म्हणतात, ते तीन वर्षांत फेडलं तर हप्ता 13,478 आणि एकूण व्याज 85 हजार. दर जास्त, व्याज कमी. मुदतीचा हा खेळ माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांना माहीत नसतो, आणि बँकेतला माणूस स्वतःहून सांगायला येत नाही.

म्हणून टॉप-अप घ्यायचाच असेल तर तीन वर्षांचा मागा. हप्ता 12,720 बसेल, व्याज 58 हजारांच्या आसपास. तीन वर्षांचा देत नाही म्हणाले तर मोठ्या मुदतीचा घेऊन दर महिन्याला जादा भरा, फ्लोटिंग (बदलत्या) रेटच्या होम लोनवर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. पण हे फक्त शिस्त असेल तर, आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या घरात ही शिस्त टिकलेली नाही, दिवाळी आली की जादा भरणं पहिल्यांदा बंद होतं. प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी आधीच विचारून घ्या. आणि व्याजावर टॅक्स वाचेल ही आशा सोडा, तुम्ही नव्या टॅक्स रेजीममध्ये आहात, त्यात राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही.

नो-कॉस्ट ईएमआयचं काय, तर नावातच गंमत आहे. 2013 मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट लिहिलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. होतं असं, की दुकानदार व्याजाएवढी सूट कागदावर देतो आणि बँक तेवढंच व्याज लावते. तुमच्या केसमध्ये 30,000 चे बारा हप्ते, बँकेचा दर 15 टक्के धरला तर त्यात साडेसत्तावीस हजार व्याज लपलेलं आहे, आणि कार्डावरच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो तो पाचेक हजार तुमच्याच खिशातून, वर प्रोसेसिंग फी. शिवाय महिन्याला तीस हजार तुमच्याकडे सुटतात कुठे? तुमच्याच आकड्यांवरून, हप्ते, एसआयपी आणि घरखर्च वजा जाता, महिन्याला पंधरा हजार उरतात. एक करा, विक्रेत्याला सरळ विचारा की एकरकमी पैसे दिले तर किती कमी करता. जी सूट बँकेला द्यायला तयार आहे ती तुम्हाला का नाही?

सोन्याबद्दल फार लिहीत नाही. सासूबाईंच्या पाटल्या सॉनासाठी गहाण ठेवल्या हे घरात कळलं तर पुढे काय होईल ते तुम्हीच जास्त जाणता. आणि ज्या सोनेतारण कर्जात वर्षभर फक्त व्याज भरायचं आणि मुद्दल शेवटी, तिथे लोक शेवटी परत नवं करून घेतात आणि पाटल्या तिकडेच राहतात. एफडीला हात लावायचा नाही, मुलीचं अकरावीचं अ‍ॅडमिशन आणि क्लासची फी पुढच्या वर्षी दारात उभी आहे.

मी तुमच्या जागी असतो तर अठरा महिने थांबलो असतो. आजपासून 15,000 ची आरडी. नऊ महिन्यांत 1,35,000. मग गाडीचा हप्ता संपतो, तो 14,500 खर्चात मिसळू न देता त्याच आरडीसारखा बाजूला, म्हणजे महिन्याला 29,500, पुढचे नऊ महिने, 2,65,500. बेरीज 4,00,500, वर थोडं व्याज तुम्हाला मिळणार. तोच हप्ता भरताय, फक्त बँकेला नाही, स्वतःला. मध्ये बोनस आला तर आणखी लवकर.

आता मिस्टरांनी पाठवलेला तो फिनलंडचा अभ्यास. 2015 चा आहे, पूर्व फिनलंडमधले 2,315 मध्यमवयीन पुरुष, आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू एकदाच घेणाऱ्यांपेक्षा कमी दिसले. निरीक्षणाचा अभ्यास आहे, सॉनामुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला विचारा. पण माझं लक्ष दुसऱ्याच आकड्यावर गेलं, चार ते सात वेळा! आठ वर्षं धरली आणि आठवड्याला पाच वेळा बसले तर एका वेळेचा खर्च 192 रुपये, दोनच वेळा बसले तर 480, आणि महिन्यातून एकदा पाहुण्यांना दाखवायला असेल तर विचारूच नका.

त्यात वीज वेगळी. कोटेशनमधला हीटर 6 किलोवॉटचा आहे, म्हणजे तीन गिझर एकदम चालू. साध्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर तो चालणार नाही, स्वतंत्र लाइन, वेगळा एमसीबी, आणि मंजूर भार वाढवायला महावितरणकडे अर्ज. तापायला अर्धा तास आणि बसायला अर्धा तास धरलं तर पाचेक युनिट, महिन्यात सोळा वेळा म्हणजे ऐंशी युनिट, आणि हे ऐंशी तुमच्या बिलात सगळ्यात वरच्या, महागड्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. पंधरा रुपयांनी धरलं तरी बाराशे. इन्फ्रारेडचं केबिन दीड-दोन किलोवॉटवर भागतं, पण जर्मनीत राहून आलेला माणूस त्याला सॉना म्हणेल का ही शंका आहे, त्यात दगडावर पाणी टाकून वाफ नाही काढता येत.

तुम्ही लिहिलंय की जवळच्या क्लबात सॉना आहे आणि महिन्याचे 2,500 घेतात. आरडी सुरू कराल त्याच दिवशी मिस्टरांचं तीन महिन्यांचं नाव घाला, साडेसात हजारात काम होतंय. फ्रिजवर कॅलेंडर लावा आणि जेवढ्या वेळा जातील तेवढ्या फुल्या त्यांनाच मारू द्या. तीन महिन्यांत चाळीसच्या वर फुल्या झाल्या तर विक्रेत्याचा नंबर जपून ठेवा. पंधरा-वीसवरच अडकल्या तर मला परत मेल करा, तोवर आरडीत जमलेले पंचेचाळीस हजार कुठे लावायचे ते बघू.