मुंबईत भारतीय सिनेमाचा इतिहास घडला त्या जागा आजही पाहता येतात का? एकच दिवस हाताशी असेल तर सुरुवात कुठून करावी?

हो, येतात. फक्त जुनी थिएटरं शोधत निघालात तर निराश व्हाल, कारण त्यातली महत्त्वाची बहुतेक गेली. माझा आग्रह एकच: सकाळी आधी दक्षिण मुंबईतला काळा घोडा परिसर गाठा.

डेव्हिड ससून लायब्ररीच्याच रांगेत एस्प्लनेड मॅन्शन ही जीर्ण इमारत उभी आहे. हेच एकेकाळचं वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या छोट्या छोट्या चित्रफिती इथे दाखवल्या गेल्या, तिकीट एक रुपया. भारतातला हा सिनेमाचा पहिला खेळ. पॅरिसचा पहिला जाहीर खेळ २८ डिसेंबर १८९५चा, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांत ही नवलाई आपल्याकडे पोचली. ल्युमिएरांचा माणूस मारियस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि मुंबई त्याच्या वाटेवर होती, म्हणून हा मान आपल्याला मिळाला.

फोटो काढून लगेच पुढे जाऊ नका. इमारतीचा सांगाडा नीट पाहा. खांब बिडाचे आहेत. इंग्लंडमध्ये सुटे भाग ओतून घेतले, जहाजाने आणले आणि १८६०च्या दशकात इथे जोडून हॉटेल उभं केलं. लोखंडी खांब-तुळया बाहेरूनच उघड्या दिसतात, मधली जागा विटांनी भरलेली. या प्रकारची देशात टिकलेली ही सर्वात जुनी इमारत मानली जाते, पण तिची अवस्था वाईट आहे. २००५ साली एक भाग कोसळला, २०१९मध्ये ती रिकामी करण्यात आली. आत जायचा विचारच नको, समोरच्या फुटपाथवरून पाहा. जमशेदजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच. तिला पक्का पुरावा नाही, आणि या वास्तूला मोठेपण यायला तिची गरजही नाही.

वॉटसनमधल्या त्या खेळाने भारावलेल्यांपैकी एक होते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. आपल्या माणसाने आपल्या मातीत केलेलं हे पहिलं चित्रण मानलं जातं, आणि त्यांचं नाव शाळेतल्या मुलांना माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

गिरगावात फार वेळ घालवू नका. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट, ज्या कॉरोनेशनमध्ये लागला, ते थिएटर आता नाही. १४ मार्च १९३१ला 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटासाठी ज्या मॅजेस्टिकबाहेर झुंबड उडाली, तिथे आज मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे.

मग लोकलने दादरला या. स्टेशनच्या पूर्वेचा दादासाहेब फाळके रोड लोक रोज तुडवतात, पण 'राजा हरिश्चंद्र'चं बरंचसं काम याच भागात झालं. फाळक्यांचं घर म्हणजेच स्टुडिओ. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दिवसा सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडायच्या, ती धुवायच्या. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलातले आचारी अण्णा साळुंके पदर घेऊन उभे राहिले. या रस्त्याला फाळक्यांचं नाव मिळालं हे उत्तमच झालं, पण सरस्वतीबाईंच्या नावाचीही एक पाटी इथे हवी.

वेळ उरलाच तर पेडर रोडवरच्या गुलशन महालात भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. निघण्यापूर्वी ते उघडं आहे ना, एवढं बघून घ्या.