'शॅल', 'विल' की 'गोइंग टू'?

प्रश्न : मी सांगलीजवळच्या एका कारखान्यात हिशेब विभागात आहे. पुरवठादाराच्या पत्रात मी लिहिलं होतं, 'द पेमेंट शॅल बी रिलीज्ड इन ड्यू कोर्स.' नव्या मॅनेजरबाईंनी ते खोडून 'वुई आर गोइंग टू पे यू ऑन फ्रायडे' असं केलं. ऑफिसच्या पत्रात असं बोलण्यातलं इंग्रजी शोभतं का? शाळेत आमच्याकडून 'आय शॅल, यू विल' घोकून घेतलं होतं.

उत्तर : शोभतं. बाईंचं वाक्य तुमच्या वाक्यापेक्षा सरस आहे, कारण त्यात वार आहे. 'इन ड्यू कोर्स' म्हणजे आपलं सरकारी 'यथावकाश'. ज्याचे पैसे अडकलेत त्याला ते वाचून काय वाटत असेल? शिवाय तुमच्या वाक्यात पैसे कोण देणार, हेही गायब आहे.

तुम्ही घोकलेला नियम जॉन वॉलिस यांनी १६५३ साली लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणातला. आज 'शॅल' रोजच्या वापरात उरलाय तो मुख्यतः 'शॅल आय ओपन द विंडो?' अशा विचारण्यात. त्याचं खरं घर कायद्यात. आपल्या राज्यघटनेचं कलम १४ 'द स्टेट शॅल नॉट डिनाय' असं सुरू होतं. तिथे तो भविष्य सांगत नाही, बंधन घालतो. अमेरिकेत तर दिवाणी दाव्यांच्या संघीय नियमांतून २००७ साली 'शॅल' काढून टाकला, कारण त्याचे अर्थ एकाहून जास्त निघत. करारनाम्यात वकिलांनी घातला असेल तर राहू द्या. पत्रात नको.

आता 'विल' आणि 'गोइंग टू'. यातला फरक आपल्याला कानानं कळतो, फक्त तो मराठीत ऐकायला हवा. 'बघतो, येईन', 'मी येणार आहे' आणि 'उद्या दहाला येतो' ही तिन्ही वाक्यं भविष्याचीच, पण सारखी नाहीत. 'येणार आहे' म्हटलं की बेत आधीच ठरलाय; 'गोइंग टू' तसंच. वेळ ठरवून झाली की आपण सरळ 'येतो' म्हणतो आणि इंग्रज 'आय अ‍ॅम कमिंग अ‍ॅट टेन' म्हणतो. 'विल' मात्र 'येईन'पेक्षा ठाम. शब्द द्यायचा असेल तेव्हा इंग्रजीत तोच लागतो, इथे मराठीवर विसंबू नका.

म्हणून बाईंच्या वाक्यातही मी एक बदल सुचवेन. त्यांनी बेत कळवलाय. पुरवठादाराला हवाय शब्द. 'वुई विल पे यू बाय फ्रायडे' असं लिहा आणि पुढे तारीख टाका. 'ऑन' म्हणजे शुक्रवारीच, 'बाय' म्हणजे फार तर शुक्रवारपर्यंत; गुरुवारी पैसे गेले तरी वाक्य खरं राहतं. बिल अजून तपासायचं असेल तर तेच लिहा : 'वुई आर चेकिंग युवर बिल अँड विल राइट टू यू ऑन मंडे.' आणि सोमवारी खरंच लिहा.