खाटा नंतर मोज, आधी ऑक्सिजन

मैदानावरच्या तात्पुरत्या रुग्णालयासाठी नकाशावर हजार खाटा आखून आलास, छान. पण आधी ऑक्सिजनचा हिशेब कर. शंभर रुग्णांना मिनिटाला 10 लिटर म्हणजे मिनिटाला 1000 लिटर. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये साधारण 7000 लिटर मावतो, म्हणजे एक सिलिंडर 7 मिनिटांत संपतो. दिवसाला दोनशेच्या वर! एवढे सिलिंडर रात्री दोन वाजता कोण बदलणार? म्हणून द्रवरूप ऑक्सिजनची टाकी हवी, आणि तिचा टँकर थेट आत वळेल असा रस्ताही. ही जागा मंडपवाल्याला विचारून ठरवू नकोस, स्वतः उभा राहून बघ.

दुसरं म्हणजे पाऊस. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावरच्या कोविड केंद्रातून रुग्ण हलवावे लागले होते. म्हणून अशी वेळ आली तर रुग्ण कुठे न्यायचे, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेव.

शौचालयं वॉर्डाला लागूनच घे. दम लागलेला माणूस पन्नास पावलं चालला तरी त्याच्या रक्तातला ऑक्सिजन घसरतो, आणि शौचालयात तो कुणाला न सांगताच जातो. मला याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

आणि नर्स किती मिळतील, तेवढ्याच खाटा उघड.