घाम गाळला की दारू सुटते, हे खरं आहे का?

सातपूरला कंपनीत असलेला, छत्तिशीतला तुमचा भाऊ महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून पुढच्या आठवड्यात घरी येतोय. वडिलांचं म्हणणं, रोज पहाटे पाचला उठवून तालमीत घाला, घाम निघाला की दारू निघते. याला शास्त्राचा काही आधार आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नाशिकमध्ये गुडघे-कंबरदुखीचे पेशंट बघते आणि अधूनमधून एका व्यसनमुक्ती केंद्रातही जाते, म्हणून लिहितेय.

घामातून दारू जवळजवळ निघतच नाही. प्यालेल्या दारूतली नव्वद टक्क्यांहून जास्त यकृतच निकाली काढतं. घाम, श्वास आणि लघवी मिळून उरलेली थोडी जाते. आणि महिनाभर केंद्रात राहिलेल्या माणसाच्या अंगात काढायला दारू उरलेलीच नसते. उरते ती तलप, मोडलेली झोप आणि संध्याकाळचा रिकामा वेळ. व्यायामाचा उपयोग असलाच तर या तिघांवर.

आता संशोधन. यातला सगळ्यात मोठ्या प्रयोगांपैकी एक अमेरिकेत झाला, डलासच्या डॉ. मधुकर त्रिवेदींच्या पुढाकाराने. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. कोकेनसारख्या उत्तेजक द्रव्यांचं व्यसन असलेले ३०२ जण, नऊ उपचार केंद्रं. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच. त्यावर अर्ध्यांना देखरेखीखाली व्यायाम आणि अर्ध्यांना तेवढ्याच वेळा बोलावून आरोग्याविषयी माहिती. व्यायामाचा डोसही औषधासारखा वजनावर ठरवलेला: आठवड्याला किलोमागे १२ किलोकॅलरी. निकाल असा की नशेविना गेलेल्या दिवसांत दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. जे ठरल्याप्रमाणे खरोखर येत राहिले त्यांचा वेगळा हिशेब मांडल्यावर व्यायामाच्या बाजूने थोडासा कल दिसला, पण असा मागाहून मांडलेला हिशेब मी जपूनच घेते. जो नियमित येतो तो मुळातच सावरायच्या वाटेवर असू शकतो.

दारूवरचा डेन्मार्कमधला प्रयोगही २०१७ चाच. १७५ पेशंट, २४ आठवडे. काहींनी गटाने धावायचं, काहींनी एकट्याने, काहींना फक्त नेहमीचे उपचार. पिणं तिन्ही गटांत कमी झालं, पण व्यायामामुळे जास्त कमी झालं असं दिसलं नाही. सिगारेटचंही तसंच. १९९९ मध्ये २८१ बायकांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात दमदार व्यायाम करणाऱ्या गटात वर्षभराने सिगारेटपासून दूर राहिलेल्या जवळजवळ १२ टक्के होत्या, दुसऱ्या गटात साडेपाच टक्क्यांच्या आसपास. तेव्हा त्याचा बराच गाजावाजा झाला. २०१९ मध्ये कॉक्रेनच्या (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढाव्यात अशा २४ अभ्यासांतले सात हजारांहून अधिक लोक एकत्र धरले, तेव्हा व्यायामाने सिगारेट सुटायचं प्रमाण वाढतं असा पुरावा मिळाला नाही.

म्हणजे वडिलांना 'बघा, काही उपयोग नाही' म्हणायचं का? तसंही नाही. हेच अभ्यास दुसऱ्या बाजूने वाचले की हाती काहीतरी लागतं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मेथचं (मेथॅम्फेटामिन, एक उत्तेजक नशा) व्यसन असलेल्या १३५ जणांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला, आठवड्यातून तीन दिवस व्यायामाचा. त्यात उदासी आणि चिंता कमी झाली. उपचार केंद्रातून बाहेर पडल्यावर पुन्हा नशा न करण्यात फायदा दिसला तो मात्र ज्यांचं व्यसन आधीच तुलनेने कमी होतं त्यांच्यात. आणि सिगारेटवरच्या प्रयोगांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: दहा-पंधरा मिनिटं झपझप चाललं की तलप त्या वेळेपुरती उतरते. थोड्या वेळाने परत येते, पण मधली ती मिनिटं निभावून जातात. हा पुरावा सिगारेटवरचा आहे, दारूवर असे प्रयोग कमी झालेत, पण माझ्या सगळ्या सल्ल्याचा पाया तोच आहे.

कारण पहाटे पाचला तुमच्या भावाला दारूची आठवण येत नसणार. शिफ्ट सुटल्यावर येते. गेटबाहेर पडून मित्र 'चल, जरा बसू' म्हणतात तेव्हा येते. मग व्यायाम पहाटे कशाला? जी वेळ पिण्याची होती, त्याच वेळेला लावा. फर्स्ट शिफ्ट असेल तर दुपारनंतर, जनरल असेल तर संध्याकाळी घरी येऊन चहा-नाश्ता झाल्यावर. पहाटे उठवण्यात आणखी एक तोटा आहे. दारू सोडल्यावर झोप कित्येक महिने कच्ची राहते, अनेकांना डोळा लागतोच मुळी दोन-तीनला. त्यात पाचला पांघरूण ओढलंत तर चौथ्या दिवशी तो चिडेल, आणि व्यायाम ही घरच्यांनी दिलेली शिक्षा होऊन बसेल. आपल्याकडे पहाटे उठणं म्हणजे सद्गुण, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की संध्याकाळी चालणारा माणूस आळशी वाटतो. वाटू द्या.

जागा गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकसारखी, सपाट आणि माणसांत असलेली. गोदापार्कही चालेल, फक्त जाता-येता नेहमीचा बार लागणार नाही असा रस्ता धरा. पांडवलेण्याच्या पायऱ्या पहिल्या महिन्यात नकोत. त्याचं कारण जरा सविस्तर सांगते.

केंद्रात मी नव्या माणसाला आधी सहा मिनिटं व्हरांड्यात चालवते. दोन टोकांना खुर्च्या, बोटाला ऑक्सिमीटर, आणि माझं लक्ष त्याच्या पायांकडे. एकदा एकजण चालता चालता वळला, डावी चप्पल मागेच राहिली, आणि हा पुढची पाच-सहा पावलं तसाच गेला. चप्पल निसटल्याचं त्याला कळलंच नव्हतं. बरीच वर्षं पिणाऱ्यांच्या पायांच्या नसा अशा बधिर होतात. असा माणूस पायऱ्या उतरताना पडतो, ट्रेडमिलवर घसरतो, बुटाने फोड आला तरी त्याला दुखत नाही. म्हणून घरी आल्यावर भावाला डोळे मिटायला सांगा आणि कापसाचा बोळा तळपायाला लावून 'कुठे लावला' ते विचारा. उत्तर चुकलं तर आधी डॉक्टर. आणि चालून आल्यावर रोज तळपाय बघायचे.

चालण्याचा वेग किती, तर बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतका. घड्याळातल्या हार्टरेटवर जाऊ नका. थरथर कमी करायला प्रोप्रॅनोलॉल दिलं असेल तर नाडी चढतच नाही आणि माणूस आकडा गाठायला उगाच जिवाच्या आकांताने पळतो. दहा मिनिटांनी सुरुवात करा, हळूहळू तीस-चाळीसवर न्या, आठवड्यातले पाच दिवस. तालमीचा सराव असेल तर जोर-बैठकाही पुढे चालतील, पण पोटात पाणी झालेलं असेल किंवा कधी रक्ताची उलटी झाली असेल तर वजन उचलणं डॉक्टरांच्या परवानगीशिवाय अजिबात नको. छातीत धडधड, चक्कर, पायावर सूज यालाही तोच नियम.

'ताकद यावी' म्हणून घरात अश्वगंधारिष्ट किंवा दशमूलारिष्ट आणून ठेवलं असेल तर ते आधी बाहेर काढा. आसव-अरिष्टांत मद्यार्क असतो. भाऊ डायसल्फिरामवर, म्हणजे दारू पोटात गेली की त्रास व्हावा म्हणून देतात त्या गोळीवर असेल, तर त्याने चेहरा लाल होणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत जाऊ शकतं. हीच गोळी काही घरांत भाजीतून चोरून देतात. कुणी सुचवलं तरी तसं करू नका. न सांगता दिलेल्या गोळीवर माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकतं. जिममधल्या प्री-वर्कआउट पावडरीही लांबच ठेवा, त्यात कॅफिन भरपूर असतं आणि झोप आधीच कमी आहे.

व्यायामाने एंडॉर्फिन (शरीरातच तयार होणारं, बरं वाटायला लावणारं रसायन) सुटतं, त्याचीच नशा चढते, असं कुणी सांगितलं तर तेही अर्धवट आहे. जर्मनीत २०२१ मध्ये ६३ जणांना धावायला लावण्याआधी नाल्ट्रेक्सोन दिलं. तलप कमी करायला आपल्याकडेही देतात, तेच हे औषध. ते एंडॉर्फिनची वाट अडवतं. तरीही धावल्यानंतरचा उल्हास तसाच आला. म्हणजे भाऊ त्या गोळीवर असला तरी चालण्यातला आनंद जाईल अशी भीती नको.

गोळ्या, समुपदेशन, फॉलोअप आणि जात असेल तर एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगा हे सगळं जसं सांगितलंय तसंच चालू राहायला हवं. चालणं त्यात भर म्हणून, त्यांच्या जागी नाही. ठरलेल्या मीटिंगची आणि फिरण्याची वेळ एकच येत असेल तर मीटिंगला जाऊ द्या.

माझा अंदाज विचाराल तर, डलासच्या त्या प्रयोगात दोन्ही गट सारखेच राहिले त्याचं एक कारण हे असावं की दोन्हीकडे कुणीतरी ठरल्या वेळी वाट बघत होतं. म्हणून भावाला एकट्याला पाठवू नका. वडिलांना एवढी कळकळ आहे तर तेच जाऊ देत बरोबर, त्यांचेही गुडघे मोकळे होतील. फक्त शेजारी चालताना तोंडाचा वास घ्यायचा नाही आणि 'केंद्राला किती पैसे लागले' हा विषय काढायचा नाही. क्रिकेट, पाऊस, कांद्याचा भाव, काहीही चालेल.

घरी यायच्या आधी केंद्रातून डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची यादी मागून घ्या, आणि त्याच डॉक्टरांना सरळ विचारा: हृदय, यकृत, पाय तपासले का, चालायला हरकत नाही ना. मध्ये पुन्हा प्यायला आणि मग अचानक थांबला, तर पहिले चार-पाच दिवस व्यायाम बंद. हात जोरात थरथरले, फिट आली किंवा भलतंसलतं दिसायला लागलं तर थेट सिव्हिल किंवा जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल गाठा. फोनवर सल्ला हवा असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, टोल फ्री आहे.