सोलापूरहून टोरंटो किती लांब?

मुंबई ते टोरंटो अंतर किती, प्रवासाला किती तास लागतात आणि वेळ पडली तर आईवडिलांकडे सोलापूरला दीड दिवसात पोहोचता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. फ्रँकफुर्टमार्गे गेल्यास तिथपर्यंत नऊ तास, मध्ये तीन तासांचा थांबा आणि पुढे साडेआठ तास लागतात. उन्हाळ्यात टोरंटोचे घड्याळ साडेनऊ तास मागे असल्याने सोमवारी पहाटे दोनला मुंबईहून निघालेला माणूस सोमवारीच दुपारी एकच्या सुमारास उतरतो. येताना मात्र सोमवारी संध्याकाळी निघून मुंबईत पाय ठेवेपर्यंत बुधवार लागलेला असतो.

परंतु तुमचा प्रवास सहार विमानतळावर नव्हे, सोलापूर स्टेशनवर सुरू होणार आहे. वंदे भारतने ४५५ किलोमीटरला साडेसहा तास लागतात आणि त्यानंतर रात्रीच्या विमानापर्यंत कुणा नातेवाइकाकडे सामान राखत बसावे लागते. (सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून २०२५ मध्ये प्रवासी विमाने सुरू झाली खरी, पण शेंगाचटणीचे डबे आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन मी अजून रेल्वेनेच जातो.) घर ते घर मोजले, तर माझे चाळीस तास कधी चुकलेले नाहीत. झोप रुळायला चार-पाच दिवस जातात, म्हणून तीन आठवड्यांपेक्षा कमी सुटीत येण्यात अर्थ नसतो. मुलाच्या शाळेने अशाच एका सुटीनंतर, कुटुंबाने शिक्षणाला पुरेसे महत्त्व द्यावे, असे पत्र पाठवले होते. तो मुलगा आजीला भेटून आला होता. ते पत्र मी अजून फाडलेले नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नामुळे मी लिहायला बसलो. तीन वर्षांपूर्वी आईचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा आमच्या पीआर कार्डांची (कॅनडातील कायम वास्तव्याच्या ओळखपत्रांची) मुदत संपलेली होती आणि नूतनीकरणाचा अर्ज गेलेला होता. वैध कार्डाशिवाय कॅनडाकडे परतणाऱ्या विमानात बसू देत नाहीत, आणि भारतातून परतीचा परवाना मागायचा, तर तो किती आठवड्यांनी हाती येईल याचा भरवसा नव्हता. कार्डे यायला सतरा दिवस लागले आणि मी एकोणिसाव्या दिवशी घरी पोहोचलो. कागदपत्रांमुळे अडकलो, असे मी सर्वांना सांगितले. खरे म्हणजे अडचण परतण्याची होती, जाण्याची नव्हती. पासपोर्ट कपाटातच होता आणि नोकरी जाईल या भीतीने मी निघालो नाही. तुम्ही मात्र कार्डाची पाच वर्षे संपण्याच्या काही महिने आधीच अर्ज करा.

मी पोहोचलो तेव्हा आई वॉकर धरून स्वतः दार उघडायला आली. 'एवढ्या लांबून कशाला आलास,' असे म्हणून तिने चहा टाकायला सांगितले. रुग्णालयाचे कागद टेबलावरच होते. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर शेजारच्या काकांची सही होती आणि नात्याच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात 'शेजारी' असे लिहिले होते.